थोरल्या पानाचं पाणी

ये गं, अशी जवळ ये. लांबून बोलू नकोस, डाव्या कानानं मला आता कमी ऐकू येतं. तू पुण्यात, मी इथं निपाणीकडच्या खेड्यात, मधे एवढा मुलूख. तरी लिहायला बसले की तुला समोर जोत्यावर बसवते आणि मगच लिहिते. आज आधी रागावणार आहे. मासिकात तुझा लेख छापून आला, हे मला शेजारच्या सुनेनं सांगायचं? गेल्या वर्षी दिवाळीत आलीस तेव्हा विचारलं होतं, "काय लिहितीस गं एवढं मान मोडून?" तर म्हणालीस, "विषाणूंवर आहे आज्जी. तुला नाही कळायचं."

बरं बाई. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही हे खरं. वखारीतल्या पोत्यांवर काळ्या शाईनं अक्षरं काढलेली असत, ती लावत लावत मी वाचायला शिकले. पण तुझा लेख वाचला, पुन्हा वाचला. छान लिहिलायस. तो विषाणू कोळ्यासारखा जंतूच्या अंगावर उतरतो, पाय रोवतो, आपला दोरा आत सोडतो, आणि मग तो जंतू स्वतःचं सगळं काम टाकून त्या पाहुण्याचीच पोरं घडवत बसतो, शेवटी फुटतो. आणि कधी कधी तो दोरा जंतूच्या स्वतःच्या दोऱ्यात मिसळून गप्प राहतो, त्याच्या लेकी-नातींबरोबर चालत राहतो, कुणाला पत्ता लागत नाही. तिथं मी चष्मा काढून थोडा वेळ बसले. पुढं तूच लिहिलंयस, माणसानं पहिल्यांदा विषाणू ओळखला तो तंबाखूच्या पानात. अगं, मग मला विचारायचं नाहीस? तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी तो आमच्या घरात शिरला होता, आणि एका बाईचा संसार मोडायला निघाला होता.

ती बाई म्हणजे तुझी धाकटी आज्जी, माझी जाऊ. आत्ता ती पलीकडं डाळ निवडत बसलीय. तिला विचारूनच लिहितेय. म्हणाली, "लिही की आक्का. आता काय त्याचं?"

तू बघितलंयस ना, ती कुठलंही तान्हं मूल आपण होऊन उचलत नाही? कुणी मांडीवर आणून ठेवलं तरच घेते. तुलाही तसंच घ्यायची. तुम्हा पोरांना वाटायचं, धाकट्या आज्जीला माया कमी. तसं नाही गं. ऐक.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. आपलं घर मूळचं विणकरांचं, पण तुझ्या आजोबांच्या आजोबांनी माग मोडून जमीन धरली आणि विडीच्या तंबाखूवर घर उभं राहिलं. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. मामंजी माझ्या लग्नाआधीच गेलेले, त्यामुळं घर आणि शेत दोन्ही आत्तींच्या शब्दावर चालायचं. त्यांना लहानपणी देवी आल्या होत्या, तोंडभर व्रण. बाई वाईट नव्हती. पण हाताच्या बाबतीत फार काटेकोर. कुणाचा हात कशाला लागला, कोण न धुता कशाला शिवलं, यावर डोळा. घरातली दोन भावंडं देवीत गेलेली त्यांनी बघितली होती, तेव्हापासून शिवाशिवीची धास्ती त्यांच्या अंगात बसली असावी असं मला आता वाटतं.

त्यांची एक चाल होती. दरवर्षी माल वाळला की सगळ्यांत मोठं, जाड पान निवडायचं आणि देव्हाऱ्याशेजारी खुंटीला टांगून ठेवायचं. ते थोरलं पान. पुढच्या पावसाळ्यात तरू लावायची वेळ आली, तरू म्हणजे तंबाखूची लहान रोपं, की त्या पानाचा एक तुकडा चुरून तांब्यात भिजवायचा आणि ते पाणी प्रत्येक रोपाच्या पानाला अंगठ्यानं चोळायचं. थोरल्यानं धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवावा तसं. ही चाल त्यांना त्यांच्या सासूकडून आलेली, गावात दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हती. आत्ती दोन-चार ओळींना लावत आणि कंबर धरली की "पोचलं देवाला" म्हणून उठत. शेतात दरसाल थोडी रोपं कबरी निघायची. कबरं म्हणजे पानावर फिकट हिरवे आणि गर्द हिरवे चट्टे, मधेच फुगवटे, पान अरुंद, खुरटं. त्याला वजन भरत नाही, व्यापारी बाजूला सारतो. पण थोडीच असायची, म्हणून कुणी मनावर घेत नव्हतं.

मग धाकट्या दिरांचं लग्न झालं, शहापुरातल्या मागवाल्यांच्या घरची मुलगी आली. तिनं तंबाखूचं झाड कधी हातानं धरलं नव्हतं. पहिल्याच दिवशी शेतातून आली ती बोटं फाकवून. पानावरची लव चिकट असते, तिचा काळा डिंक हाताला बसतो.

"आक्का, हे जातंय का जन्मभर राहतंय?"

"जातंय की. भाकरीसंगं पोटात जातंय," मी म्हटलं.

अशी हसली! आत्तींनी आतून विचारलं, "काय गं, तंबाखू चढली का काय पोरीला?"

तिची बोटं मात्र बघण्यासारखी. मागावर तुटलेल्या सुताला गाठ मारून मारून अशी झालेली, की तांदळातला खडा ती न बघता काढायची. आत्तींनी ते हेरलं. तरू लावायच्या दिवशी भरल्या अंगणात म्हणाल्या, "हिची बोटं सुताची हायती. औंदा थोरल्या पानाचं पाणी हीच लावंल." नव्या सुनेला तो मान होता. मला कधी मिळाला नव्हता, खोटं कशाला बोलू.

तिनं तो मान असा पाळला की विचारू नकोस. शेताच्या खालच्या तुकड्यात उकिडवी बसून एकेक रोप, एकेक पान, वरून खालून चोळत गेली. दीर बांधावरून ओरडले, "अगं, पाणी लावतीस का न्हाऊ घालतीस?" ती मान वर न करता म्हणाली, "काम दिलंय ते करू द्या. तुमी चिलीम वडा." बायका खो खो हसल्या. खालचा तुकडा संपला आणि असा पाऊस आला की तांब्यात थोरल्या पानाचं पाणी कुठलं आणि आभाळाचं कुठलं, कळेना. आत्ती म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या. वरचा तुकडा तसाच लावला.

पुढं काय झालं असेल ते तुला आत्ताच कळलं असणार, तू शिकलेली. आम्हाला कळलं नाही. पानं हातभर व्हायच्या आतच खालचा तुकडा सगळा कबरा पडला. जणू कुणी फिकट रंगाचे शिंतोडे उडवलेत. आणि वरचा तुकडा हिरवागार.

आत्ती दोन्ही तुकड्यांच्या मधल्या बांधावर उभ्या राहिल्या. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग म्हणाल्या, "वरच्या तुकड्याला हिचा हात लागला न्हाई."

मी म्हटलं, "आत्ती, पावसानं झालं आसंल."

"पाऊस काय बांध बघून पडला? तू गप."

त्यांचं बोलणं वेडेपणाचं नव्हतं गं, हेच तर दुखतं. बघितलेलं बरोबर होतं. चोळलं तिथं रोग, नाही चोळलं तिथं नाही. सगळ्यांनी तिचा हात बघितला, हातातलं पाणी कुणी बघितलं नाही. देव्हाऱ्याशेजारचं पान ते, त्याच्याकडं कुणाचा संशय जाणार?

त्यानंतर तिला शेतात येऊ देईनात. मग परड्यातल्या भाजीला हात लावू नको म्हणाल्या. मग दुभत्याला. कुणी तिला मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही, पण रोज एकेक वस्तू तिच्या हातातून काढून घेतली. तुझा बाप तेव्हा रांगत होता. तिच्यावर त्याचा जीव. एक दिवस तो तिच्या गुडघ्याला धरून उभा राहायला बघतोय, आणि ही दोन्ही हात पदराखाली घेऊन बसलीय. पोर धपकन खाली बसलं आणि रडायला लागलं, तरी हिनं हात बाहेर काढले नाहीत.

"घे की गं त्याला," मी म्हटलं.

"आक्का, माझ्या हातात खरंच काय आसंल का?"

"काय आसतंय हातात? पाच बोटं."

"तरू जळलं की. हे तर रांगतं पोर हाय."

मी तिचे हात ओढून बाहेर काढले आणि माझ्या तोंडावरून फिरवले. "बघ, मी झाली का कबरी?" ती हसली नाही.

दिवाळी झाल्यावर तिला शहापूरला धाडलं. विसाव्याला म्हणून. न्यायला कुणी जायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. संक्रांत गेली, पाडवा गेला. आत्ती दिरांसाठी दुसरीकडं बघायच्या गोष्टी बोलायला लागल्या. दीर ताटावरून उठून जायचे. त्यांनी विरोध करायला हवा होता असं तू म्हणशील. त्या वेळी आईपुढं उभं राहणं सोपं नव्हतं, पण दुसरीला हो म्हणाले नाहीत, तेवढं त्यांनी धरून ठेवलं.

पुन्हा तरू लावायची वेळ आली. ह्या खेपेला आत्तींनी थोरल्या पानाच्या पाण्याला कुणाला शिवू दिलं नाही. गेल्या साली देव कोपला, आता त्याला पुरतं मनवायचं, म्हणून दोन्ही तुकड्यांत स्वतः बसून एक रोप सोडलं नाही. पाठ धरली, ताप आला, तरी सोडलं नाही. आणि दोन्ही तुकडे कबरे झाले. वरचा, खालचा, सगळा.

त्या दिवशी आत्ती बांधावर बसल्या आणि स्वतःचे तळहात उलटेसुलटे करून बघत राहिल्या. मी जवळ गेले नाही. तसं बघताना मी आधी धाकटीला बघितलं होतं.

त्याच सुमाराला शेती खात्याचे एक साहेब गावात आले. तरुण, अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी, बोलणं निम्मं कानडी. आपल्या शेतात आले, पान उन्हात धरलं आणि पहिला प्रश्न हा, "तरू लावताना तंबाखू कोण कोण खातं?"

सगळे हसले. तुझे आजोबा म्हणाले, "साहेब, न खाणारा दावा, त्याला बक्षीस देतो."

साहेबही हसले. मग घरी येऊन अंगणात बसल्यावर म्हणाले, हा रोग वाळलेल्या पानातही राहतो, पान वरून चांगलं दिसलं तरी. हातावरून, तंबाखूच्या चंचीतून, थुंकीतून नव्या रोपाला जातो. आत्ती दारामागं उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या, परक्या माणसासमोर कधी यायच्या नाहीत त्या. "वाळल्यालं पान म्हंजे मेल्यालं. मेल्याल्यात रोग जिता कसा ऱ्हाईल?"

"अव्वा," ते म्हणाले, आईला कानडीत म्हणतात तसं, "तो जिताबी न्हाई, मेलाबी न्हाई. नुसता पडून राहतो, वर्षानुवर्षं. जित्या पानात शिरायला वाट मिळाली की मग तिथल्याच रसावर वाढतो, एकाचे अगणित होतात."

"वाट कशी मिळंल?"

"पानावर लव असते न्हवं? चोळली की मोडते. तीच वाट."

आत्तींचा चेहरा मी बघत होते. त्या आत गेल्या, खुंटीवर उरलेलं थोरलं पान घेऊन आल्या आणि साहेबांपुढं धरलं. काय करतो ते सगळं सांगितलं. साहेब हसले नाहीत, ते मला फार आवडलं. मग हळूच म्हणाले, "अव्वा, देवी टोचणारा येतो, दंडावर खरवडतो आणि लस चोळतो, तसंच झालं हे. फक्त लशीऐवजी रोग टोचला गेला. पण माझं ऐकू नका. करून बघा."

नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, वाफ्यात थोडं तरू शिल्लक होतं. त्यांनी दोन रोपं कुंड्यांत लावायला सांगितली. आधी साबणानं हात घासून एका रोपाला साधं पाणी चोळा, मग दुसऱ्याला थोरल्या पानाचं. दोन्हीही तुमच्याच हातानं, म्हणाले. आत्तींनी कुंड्या तुळशीजवळ ठेवल्या आणि रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना वाकून बघायच्या. साधारण पंधरवड्यानं एक रोप कबरं झालं. दुसरं हिरवं राहिलं. हात एकच होता.

आत्ती घरात आल्या, लुगडं बदललं आणि मला म्हणाल्या, "चल, शहापूरला."

निपाणीतून सर्व्हिस मोटारीनं बेळगाव, तिथून चालत शहापूर. अरुंद बोळ, दोन्हीकडून मागांचा खटखट आवाज. व्याही दारातच उभे राहिले. या म्हणाले नाहीत. "कशाला आलाय विहीणबाई? आमच्या लेकीच्या हाताला वाळवी हाय म्हणं. आमच्या मागाला अजून लागली न्हाई ती."

आत्ती म्हणाल्या, "बोला. बोलायचा हक हाय तुमचा." आणि त्यांच्या शेजारून आत शिरल्या.

ही मागावर बसली होती. आत्तींना बघून उठायला गेली, आत्तींनी बस म्हणून खूण केली. तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. आपले दोन्ही तळहात तिच्यापुढं उघडे केले.

"माझ्या हातानंबी तेच झालं गं. तुझ्या हातात काय न्हवतं. थोरल्या पानात हुतं. मीच भिजवून तुझ्या हातात दिलं."

ती मागाच्या दोऱ्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ही साडी उतरल्याबिगार मी उठणार न्हाई."

"नगं उठू. मी बसतो."

आणि आत्ती खरंच बसल्या. साडी उतरेपर्यंत आम्ही त्या घरी राहिलो. व्याह्यांचे टोमणे आत्तींनी भाकरीसंगं खाल्ले. मी मात्र तिच्या मागाजवळ बसून बघायची. काठाची नक्षी ठरवणारे दोरे वेगळे बांधलेले असतात. ते बदलले की माग तोच, सूत तेच, विणणारी तीच, पण साडी दुसऱ्याची होते. तुझ्या लेखातला तो जंतूच्या आत शिरलेला दोरा वाचला, तेव्हा मला शहापूरचा तो माग दिसला. घर आपलं, सूत आपलं, राबतोय आपण, आणि नक्षी भलत्याचीच उतरतेय. बरोबर आहे का माझं? नसेल तर सांग, मी काही रुसणार नाही.

धाकटी घरी आली. थोरलं पान आत्तींनी स्वतः वेदगंगेत सोडलं. पुढच्या साली तरू लावायला निघताना सगळ्यांना साबण दिला आणि चंच्या घरी ठेवायला लावल्या. तुझ्या आजोबांची तर अर्ध्या दिवसात जांभया देऊन देऊन गत झाली. पण रोपाला काही न लावता शेत सोडणं आत्तींना जमेना. "कायतरी लावलं पायजे गं." शेवटी आपल्या गाईचं दूध पाण्यात घातलं आणि तो तांब्या धाकटीच्या हातात दिला. भरल्या शेतात, सगळ्या बायकांदेखत. हिनं तो छातीशी धरून ठेवला. आत्तींनी मागून तिची मनगटं धरली आणि पहिल्या रोपापर्यंत नेली.

त्या साली कबरं फार थोडं निघालं. साबणानं की दुधानं, मला सांगता यायचं नाही. दुधाबद्दल तुझ्या पुस्तकांत काही आहे का, ते बघ.

हे सगळं झालं, संसार झाला, तिला स्वतःची मुलं झाली, आत्ती तिच्याच मांडीवर डोकं ठेवून गेल्या. रोग तिच्या हातात नव्हता हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी कुणाचं तान्हं दिसलं की तिचे हात आधी पदराखाली जातात. गेल्या साली माझ्या कमरेला नागीण उठली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आज्जी, लहानपणी तुम्हाला कांजिण्या आल्या होत्या ना, त्याच ह्या, इतकी वर्षं नसांत झोपून होत्या. मी त्यांना म्हटलं, झोपून राहणारं काय काय असतं ते आमच्या घरी येऊन बघा. धाकटी शेजारीच बसली होती. माझ्या फोडांना औषध लावत होती. माझ्यापाशी तिचे हात पदराखाली जात नाहीत, फक्त लहान मुलांपाशीच.

म्हणून म्हणते, आता लेख पुरे कर थोडे दिवस. तुझं बाळ तीन महिन्यांचं होत आलं, अजून धाकटीनं ते बघितलं नाही. मला विचारते, "कशी हाय गं पोर? नाक कुणावर गेलंय?" आणि पुढं काही म्हणत नाही.

थंडी वाढायच्या आत ये. जावईबापूंना रजा नसेल तर तू एकटी ये, कोल्हापूरला तुझा बाप उतरवून घ्यायला येईल. आणि आलीस की उंबऱ्यात पाय धुवायचं, पाणी प्यायचं, ते सगळं मागनं. आधी स्वयंपाकघरात जा आणि बाळ तिच्या हातात दे. घेतेस का म्हणून विचारू नकोस. ती पदर सावरायच्या आत दे. कधी येतेस ते कळव, मी दारात उभी राहते.